चुलीवर टांगलेली किंगरी

प्रवास म्हणजे लांब जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. या प्रवासात मी माझ्या तालुक्याबाहेर पाऊलही टाकलेलं नाही. मुळशी तालुक्याच्या एका अंगाला नेरे आहे, तिथे मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. दुसऱ्या अंगाला ताम्हिणी आहे, तिच्या अलीकडच्या एका वस्तीवर मी चार दिवस राहून आले. एवढ्याला प्रवास म्हणायचं का, असं आमच्या घरमालकांनी मला तोंडावर विचारलं. मी म्हणतेच. वस्तीचं नाव मात्र लिहिणार नाही, त्याचं कारण पुढे येईल.

मी मूळची मिरजेची, सतारमेकरांच्या घरातली. आमच्याकडे बायकांनी भोपळे घासावेत, पॉलिश करावं, जेवणं वाढावीत. सतारीच्या घोडीची जवारी काढणं, म्हणजे तिचा माथा घासून तारेला झणकार आणणं, हे काम पुरुषांचं. "बाईच्या हाताला ते कान नसतात," असं वडील म्हणायचे. हाताला कान त्यांना तरी कुठे होते! मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून ते काम उचललं, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे नेऱ्याला आले, आणि दोन खोल्यांतल्या एका खोलीत दुरुस्तीचं दुकान मांडलं. हिंजवडीतल्या पोरांची गिटारं, भजनी मंडळांच्या पेट्या, कुणाच्या तरी आजोबांचा तंबोरा, असं काय काय येतं.

पुण्यातल्या एका वाद्यसंग्रहालयाचंही काम मी अधूनमधून करायची. भाद्रपदात तिथल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याच तालुक्यात एक जुनी किंगरी सापडली आहे. घरच्यांची संमती आहे. तुम्ही जाऊन पाहा, स्थिती लिहा, नीट पॅक करून ठेवा. शनिवारी मी गाडी घेऊन येतो. फक्त एक, दुरुस्ती करायची नाही. आहे तशी हवी."

किंगरी मी त्याआधी एकदाच पाहिली होती, तीही काचेआड. नाथपंथी गोसावी दारोदार फिरताना वाजवतात ते हे वाद्य. नारळाची करवंटी, तिच्यावर कातडं, आरपार बांबूची दांडी, घोड्याच्या केसांची तार आणि वाजवायला घुंगरू लावलेला गज. जोगी आणि किंगरी ही जोडी फार जुनी. सारंगी दरबारात जाऊन बसली त्याच्याही आधी ही रस्त्यावर होती, असं जाणकार सांगतात. आमच्या कारखान्यात मात्र ती कधी आली नाही. सतारमेकरांच्या लेखी ते भिक्षेचं वाद्य, त्याला हात कोण लावणार?

गुरुवार: घोटावडे फाटा ते वस्ती

घोटावडे फाट्यावर कोकणाकडे जाणारी एसटी मिळाली. माझ्याजवळ कपड्यांची पिशवी, हत्यारांची पिशवी आणि फोमचं अस्तर लावलेली एक लांबट पेटी. कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, "काय, बंदूक हाय काय?" मी म्हटलं, "रिकामी आहे." तो म्हणाला, "मंग ठीक हाय," आणि पेटीला सीटवर बसू दिलं.

पौडच्या पुढे धरणाचं पाणी उजव्या हाताला आलं आणि बराच वेळ सोबत राहिलं. गौरी-गणपती जाऊन दोन दिवस झाले होते, पण इकडचा पाऊस कॅलेंडर बघत नाही. मिरजेला आम्ही पावसाची वाट बघतो. इकडे लोक त्याच्या जाण्याची वाट बघतात. वस्तीच्या फाट्यावर उतरून चालत निघाले तर वाटेत ओढा. पलीकडून हातात छत्री घेतलेला एक माणूस ओरडत होता, "मॅडम, चपला काढा! हातात घ्या!" मी ऐकलं नाही. एक चप्पल ओढ्याने नेली, दुसरी मी रागाने त्याच्या मागे फेकली.

तो माणूस दत्ता. वय पस्तिशीचं, पिरंगुटला कारखान्यात कामाला, संग्रहालयाला संमती देणारा हाच. किंगरी त्याच्या आजोबांची. ती सांभाळत होती त्याची आत्या, हौसाबाई.

हौसाबाई सत्तरीच्या पुढची. सरळ पाठ, तोंडात तंबाखू, आणि नजर अशी की माणूस आपोआप खरं बोलायला लागतो. तिने माझे अनवाणी पाय पाहिले, आत जाऊन रबरी बूट आणून पुढे टाकले. "घाल. मोठं हुतील. पेंढा कोंब आत." मग पेटीकडे बोट केलं. "ह्ये काय?"

"यात किंगरी ठेवायची आहे, मावशी."

दत्ता म्हणाला, "आत्ये, मी सांगितलं व्हतं ना तुला." ती चुलीपाशी गेली आणि वर बघितलं. मीही बघितलं. चुलीच्या बरोबर वर, आढ्याला, सुक्या माशांच्या माळेशेजारी किंगरी टांगलेली होती.

आमच्याकडे वाद्याला गलेफ घालतात, चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावतात. इथे धुरात, माशांच्या वासात! खाली काढली तेव्हा ती काळी कुळकुळीत होती. पण बोटाने ठोकली तर बांबू खणखणीत. एक भोक नाही, एक भेग नाही. चार महिने भिंतींना शेवाळ धरतं अशा मुलखात तिला वाळवी लागली नव्हती ती या धुरामुळेच. माझ्या पेटीतल्या फोमने ते काम केलं नसतं.

दांडीच्या टोकाला लाकडाचा मोर होता, चोच झिजलेली. कातडं मधोमध फाटलेलं, तार नाही, घोडी नाही, गजाचे केस नाहीत.

"किती जुनी असेल?"

"माज्या बापाच्या आज्याची. धरणाचं पानी चढाया लागलं तवा आमच्या मान्सानं घरातनं काढली. बाप ग्येला तवापास्नं टांगल्याली हाय."

दुपारी तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा वाढला. आमची ज्वारीची भाकरी थापताना घर दणाणतं. ही उकड काढून केलेली, मऊसूत, पांढरी, आवाजच न करणारी. खेकडा कसा फोडायचा ते मला येईना. हौसाबाईने माझ्या ताटातला उचलला, दातांनी नांगी फोडून परत ठेवली. एवढं केल्यावर विचारलं, "तुजा धंदा काय?"

"वाद्यं दुरुस्त करते."

"मंग कर की."

"साहेबांनी नको सांगितलंय. आहे तशीच हवी त्यांना."

"आसं?" ती हात धुवायला उठली. "म्हंजी तू दुरुस्त कराया न्हाई आलीस. मयत उचलाया आलीस."

दत्ताने मान खाली घातली. मीही घातली. उरलेला दिवस मी मोजमापं घेण्यात घालवला, पण तो शब्द काही केल्या डोक्यातून जाईना.

शुक्रवार: घोड्याच्या शेपटीमागे

सकाळी कोरा चहा पिताना मी तिला म्हटलं, "मावशी, कातड्याचा तुकडा आहे माझ्याकडे. बकऱ्याचं आहे. तबल्याच्या पुडीसाठी ठेवलेलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ह्ये घोरपडीचं व्हतं."

"घोरपड मारायला आता बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे."

"मला कुटं घोरपड मारायची हाय? बकऱ्याचं तर बकऱ्याचं. केस कुटनं आणशील?"

हीच खरी अडचण होती. नायलॉन लावणं मला पटत नव्हतं. दत्ता बाजेवर बसून ऐकत होता. त्याने विरोध केला नाही, पण मदतही केली नाही, फक्त म्हणाला, "घोडा हाय एक. रिसॉर्टावर."

आम्ही दोघी निघालो. दोन नंबरांनी मोठ्या बुटांत मी, आणि प्लास्टिकच्या कागदाची खोळ पांघरलेली हौसाबाई. वाट धरणाच्या फुगवट्याच्या काठाने जाते. एका वळणावर ती थांबली आणि पाण्याकडे हनुवटी केली. "तितं आमचं गाव. आमचं म्हंजी माज्या आज्याचं. मी कुटं बगितलंय? पन मला समदं ठावं हाय. कुनाचं घर कुटं, कुनाच्या दारात आंबा."

"कसं काय?"

"हाय," एवढंच बोलून ती चालू लागली.

रिसॉर्टच्या मागच्या अंगाला पांढरा घोडा बांधला होता. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून ठेवलेला. सांभाळणारा रामअवध, उत्तरेकडचा, तरणाताठा. हौसाबाई सरळ घोड्याच्या मागे गेली आणि वाकली.

"अरे माताजी! लात मारेगा!"

"घोडाच हाय," ती मला म्हणाली. "घोडी असती तर उपेग नव्हता. घोडीच्या शेपटीचं केस मुतानं सडत्यात."

माझ्या वडिलांनीही गजाबद्दल हेच सांगितलं होतं; पण ते अदबीने, शब्द फिरवून. मला हसू आवरेना. रामअवधला मी हिंदीत सगळं समजावलं. किंगरी म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. "हमारे यहाँ भी जोगी लोग आते थे, सारंगी लेके। अब नहीं आते।" मग इकडेतिकडे बघितलं. "मालिक देखेंगे तो बोलेंगे, घोड़े की पूँछ ख़राब कर दी।"

हौसाबाईला हिंदी येत नव्हती, पण मालिक शब्द कळला. "तुज्या मालकाला सांग, घोड्याला शेपटी पुन्यांदा येती. आमचं गेल्यालं काय बी पुन्यांदा आलं न्हाई."

मी हे हिंदीत केलं. रामअवधने कात्री मागवली नाही. घोड्याशी पुटपुटत स्वतःच्या हाताने, शेपटीच्या आतल्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही असे केस काढून दिले. हौसाबाईने ते कपाळाला लावले आणि पदराच्या गाठीत बांधले.

घरी येऊन मी कामाला बसले. साहेबांचं काम गेलं हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं. जुनं कातडं काढून कागदात जपून ठेवलं. नवं भिजवलं, सरस लावून करवंटीवर ताणलं, दोऱ्याने आवळलं. बाहेर पाऊस, वाळणार कसं? हौसाबाईने किंगरी माझ्या हातातून घेतली आणि होती तिथेच, चुलीवर टांगली. "ऱ्हाऊ दे. सकाळपत्तुर वाळंल."

बांबूच्या तुकड्यातून मी घोडी कोरली, गजाला नवे केस बसवले. केसांची तार वळायचं काम मात्र तिचं. एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ती तळहातावर पीळ देत गेली, आणि मी, पंधरा वर्षं तारा लावणारी बाई, शिकाऊ पोरीसारखी बघत राहिले.

शनिवार: साहेब आले

गाडी अकराच्या सुमाराला आली. ओढ्याला पाणी कमी होतं. दत्ता साहेबांना घेऊन आला तेव्हा हौसाबाई ओट्यावर बसली होती, किंगरी छातीशी, गजाला राळ लावत.

साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. गेली कित्येक वर्षं ते गावोगाव हिंडून वाद्यं गोळा करताहेत. त्यांनी उचलली नसती तर त्यातली कितीतरी चुलीत गेली असती. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, हे काय केलंत? नवं कातडं? मूळ अवस्था गेली! तुम्ही जाणकार आहात, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मूळ अवस्थेत ती वाजत होती, साहेब," मी म्हटलं. "मी तिला तिथवर नेलंय."

"शब्दांचा खेळ नको. दत्ताभाऊंनी लिहून दिलंय."

हौसाबाईने मान वर केली. "दत्त्या, तू लिवून दिलंस?"

"आत्ये, हितं तिचं काय व्हनार? मला वाजवता येत न्हाई. माज्या पोरीला येत न्हाई. तुज्या मागारी तिचं सरपण व्हईल. तितं निदान ऱ्हाईल तरी."

साहेब समोर खाली बसले, ओल्या ओट्यावर, चांगल्या पँटीनिशी. "आजी, तो खरं सांगतोय. आज तुम्ही आहात. उद्या?"

मला वाटलं, संपलं. कारण प्रश्न खरा होता. मग तिने गज तारेवर ठेवला.

किंगरीचा आवाज गोड नसतो. गळा बसलेल्या माणसाने हट्टाने बोलत राहावं तसा तो असतो. पहिले दोन-तीन वेळा गज नुसता खरखरला. हौसाबाईने खुंटी पिळली, डोळे मिटले आणि गायला लागली. शब्द मला आधी कळेनात. मग लक्षात आलं, ते गाणं म्हणजे गावाची फेरी होती. वेशीतून आत शिरायचं, डाव्या हाताचं पहिलं घर, घरधन्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, दारात काय, गोठ्यात काय, तुझं कल्याण होवो. मग दुसरं घर. मग तिसरं. विहीर. वळण. आंबा. तिचा आवाज पाण्याखालच्या त्या गावातून दारोदार चालत होता.

साहेबांनी रेकॉर्डिंगसाठी मोबाइल काढला. नंतर हळूच खिशात ठेवला.

दत्ता उभा होता. अकराव्या की बाराव्या घराशी तिने त्याच्या पणज्याचं नाव घेतलं, आणि दारातल्या जात्याचं, आणि जात्याच्या तुटक्या खुंट्याचं. तो भिंतीला टेकला.

गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "ह्ये तू कवा पाठ केलंस?"

"पाठ केल्यालं न्हाई. नुस्तं बोल म्हनशील तर मला चार घरं बी सांगता यायची न्हाईत. ही हातात असली म्हंजी येतं." मग साहेबांकडे वळली. "तुमी चांगलं मानूस दिसतासा. पन तुमी हिला नेली म्हंजी गाव दुसऱ्यांदा बुडालं. एकदा बुडवलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. आता इचारताय, तर मी न्हाई म्हनती."

"आणि तुमच्यानंतर?"

"माज्या मागनं या. पन याच्या आदी ह्या पोराला इचारा, शिकला का म्हनून."

साहेबांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ता म्हणाला, "साहेब, कागद फाडा."

त्यांनी फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. सवय असते माणसाची. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "यापुढे आपल्याला एकत्र काम करता येईल असं वाटत नाही." मी म्हटलं, "मलाही." घोरपडीचं जुनं कातडं त्यांनी नियमाप्रमाणे वनखात्याकडे द्यायला बरोबर नेलं. संग्रहालयाची रिकामी पेटीही नेली. कागदांमधून वस्तीचं नाव गाळा, अशी मी त्यांना विनंती केली. एकाचे दहा साहेब व्हायला वेळ लागत नाही. ते हो म्हणाले, आणि माझा त्यांच्या शब्दावर विश्वास आहे.

रविवार: फेरी

मी सकाळच्या बसने निघणार होते. उठले तर हौसाबाई अंघोळ करून, भगवं फडकं डोक्याला बांधून तयार. किंगरी खांद्याला.

"चल," म्हणाली, "फेरीला. तुज्या हातचं काम हाय, कसं चालतंय बग."

दत्ता दोन पावलं मागे, तोंडाने घरांची नावं पुटपुटत. चौथ्या घराशी अडखळला. तिने मागे न बघता नाव पुरवलं.

वाटेत तिने मला सांगितलं ते त्याआधी सांगितलं नव्हतं. बाप गेल्यावर तिने स्वतः किंगरी उचलून फेरी सुरू केली होती. आठवडाभर चालली. मग वस्तीतल्या मोठ्या घरच्या कर्त्या पुरुषाने चार माणसांत सुनावलं, बाईने किंगरी धरायची रीत नाही, गोसाव्याचं सोंग बाईला शोभत नाही. भाऊ घाबरला. किंगरी वर टांगली गेली, आणि तार नंतर कधीतरी वाळून तुटली.

"म्हणजे ती मोडली म्हणून बंद नव्हती?"

"बंद व्हती म्हनून मोडली."

दारं उघडत गेली. बायका सुपात तांदूळ घेऊन आल्या. एका म्हातारीने आपल्या आजेसासऱ्याचं नाव ऐकलं आणि सूप धरूनच उभी राहिली, द्यायचं विसरली. एक सून फोन समोर धरून पुण्यातल्या नवऱ्याला ऐकवत होती, "आवं, तुमच्या पनज्याचं नाव घ्येतात्या!"

मग मोठं घर आलं. नवं, दोन मजल्यांचं, पुढे फरशी. तोच कर्ता पुरुष आता म्हातारा होऊन खुर्चीत बसला होता. हौसाबाईला पाहिलं, उठला, आत गेला. दार लावलं. कडीचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

दत्ता म्हणाला, "आत्ये, चल फुडं."

ती हलली नाही. पावसाची एक सर आली. मी माझी छत्री तिच्या डोक्यावर नव्हे, किंगरीवर धरली. कातडं नवं होतं. हौसाबाईने बंद दारासमोर गज लावला आणि त्या घराचा भाग गायला सुरुवात केली. त्याच्या पणज्याचं नाव, जुन्या गावातलं त्यांचं घर, वेशीपासून कितवं, परड्यात फणस, ओसरीवर पितळी घंटा. एक ओळ गाळली नाही, एक ओळ घाईने म्हटली नाही. तुझं कल्याण होवो, हेही म्हटलं, आणि त्यात टोमणा नव्हता. दार उघडलं नाही.

तिने गज एकदा शेवटचा ओढला, घुंगरू हाताने थांबवले, तोंडावरचं पाणी पुसलं.

फाट्यावर माझ्या बसचा हॉर्न वाजला. दत्ता म्हणाला, "मॅडम, बस." मी म्हटलं, "जाऊ दे तिला."

अजून सहा दारं राहिली होती. ती सहाही उघडी होती.